बिनस्पर्श पैसा : सोय सर्वांची, भुर्दंड कोणाचा?

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता आम्ही बुलडाणा जिल्ह्यात, घाटाखालच्या एका गावच्या आठवडी बाजारात भाजी घेत होतो. मेथीच्या दोन जुड्या आणि थोडी हिरवी मिरची मिळून चाळीस रुपये झाले. भाजीवाल्या मावशींच्या वजनकाट्याला काळ्यापांढऱ्या चौकड्यांचा एक कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून बांधलेला होता. आम्ही मोबाईल त्याच्यासमोर धरला, रक्कम भरली, पिन टाकला. पडद्यावर चक्र फिरत राहिले. थोड्या वेळाने बँकेचा संदेश आला : खात्यातून चाळीस रुपये वजा. मावशींनी आपला फोन उघडून पाहिला आणि म्हणाल्या, "माह्या फोनवर त काहीच नाही आलं, भाऊ."

आमचे पैसे गेले होते आणि त्यांना मिळाले नव्हते. आम्ही खोटे बोलत नव्हतो, त्याही नव्हत्या. मागे गिऱ्हाइके खोळंबली होती. खिशात वीस-वीसच्या दोन नोटा निघाल्या, त्या देऊन आम्ही मोकळे झालो. दुसऱ्या दिवशी वजा झालेले चाळीस रुपये आमच्या खात्यात परत आले. आमचे काहीच बिघडले नाही. पण खिशात त्या नोटा नसत्या तर? अशा वेळी पुष्कळ गिऱ्हाइके पडदा दाखवून निघून जातात. पैसे परत आले तर ते गिऱ्हाइकाच्या खात्यात येतात. मेथी मात्र मावशींकडे परत येत नाही.

मोबाईलने पैसे देण्याचे फायदे-तोटे सांगणारे लेख आपण पुष्कळ वाचतो. एका बाजूला सोय, वेग, स्वच्छता. दुसऱ्या बाजूला चोरी, फसवणूक, अशी त्यांत यादी असते. यादी चुकीची नसते, पण ती कोणाच्या जागेवर उभे राहून केली आहे हे कळत नाही. कोणतेही तंत्र पारखताना ते चालते तेव्हा काय होते एवढे पाहून भागत नाही. ते अडते तेव्हा काय होते आणि त्या अडण्याचा भुर्दंड कोणावर पडतो, हेही विचारावे लागते. हा प्रश्न हाती धरून आपण या तंत्राच्या आत डोकावून पाहू.

'स्पर्श नाही' म्हणजे नेमके काय?

बिनस्पर्श पैसे देण्याच्या दोन पद्धती आपल्याकडे आहेत, आणि त्यांची वारंवार गल्लत होते. पहिलीत कार्ड किंवा फोन दुकानदाराच्या यंत्राजवळ नेला की काम होते. दुसरीत फोनचा कॅमेरा छापलेला क्यू.आर. कोड वाचतो. शहरांतील मोठ्या दुकानांत दोन्ही दिसतात. खामगाव-मलकापूरपासून मेहकर-लोणारपर्यंतच्या बाजारांत मात्र मुख्यतः दुसरीच दिसते. याचे कारण या दोन पद्धतींच्या विज्ञानातच आहे.

पहिली पद्धत मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली शोधलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनावर चालते. दहावीच्या पुस्तकातला प्रयोग आठवा : वेटोळ्याजवळचे चुंबकीय क्षेत्र बदलत ठेवले की वेटोळ्यात विद्युतधारा निर्माण होते. दुकानदाराच्या यंत्रातील वेटोळे सेकंदाला १ कोटी ३५ लाख ६० हजार वेळा, म्हणजे १३.५६ मेगाहर्ट्झ वारंवारतेने दिशा बदलणारे क्षेत्र तयार करते. कार्डाच्या प्लास्टिकमध्येही तारेचे बारीक वेटोळे दडलेले असते. ते या क्षेत्रात शिरले की त्यात धारा निर्माण होते, तिच्यावर कार्डातली चिप जागी होते आणि आपल्याकडून घेतल्या जाणाऱ्या शक्तीत चढउतार करून उत्तर पाठवते. कार्डात बॅटरी नसते. प्रश्न विचारणाऱ्याकडूनच ते शक्ती घेते. फोनमध्ये हीच सोय असली की तिला एन.एफ.सी., म्हणजे निकट-क्षेत्र संपर्क, म्हणतात.

हे क्षेत्र झपाट्याने विरते. वेटोळ्याच्या आकाराच्या मानाने अंतर मोठे झाले की क्षेत्राची तीव्रता अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटते, म्हणजे अंतर दहापट झाले तर क्षेत्र हजारावा भाग उरते. म्हणूनच हे संभाषण सुमारे चार सेंटिमीटरच्या आतच नीट चालते. 'गर्दीत कोणी यंत्र घेऊन शेजारून गेला आणि खिशातले पैसे काढून घेतले' ही भीती पुष्कळांना वाटते. ती अगदीच निराधार नाही; दोन उपकरणे मध्ये घालून संदेश दूरवर पोचवण्याचे प्रयोग प्रयोगशाळांत यशस्वी झाले आहेत. पण पैसे ज्या यंत्रात जातात ते कोणत्या तरी बँकेकडे नोंदलेले असते, त्यामुळे चोर आपला पत्ता मागे ठेवून जातो. भारतात १ जानेवारी २०२१ पासून पिन न टाकता अशा कार्डाने एका वेळी ५,००० रुपयांपर्यंतच देता येतात, आणि ही सोय चालू-बंद करण्याचे बटण खातेदाराच्या हाती असलेच पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. फोनमध्ये तर कार्डाचा खरा क्रमांक वापरला जात नाही. त्याच्या जागी एक बदली क्रमांक आणि दर व्यवहाराला नवा गुप्त संकेत जातो. थोडक्यात, पैसे देणाराचे रक्षण करण्याच्या दृष्टीने ही पद्धत विचारपूर्वक घडवलेली आहे.

तिचा दोष दुसरीकडे आहे. तिला घेणाऱ्याजवळ यंत्र लागते. ते विकत घ्यावे किंवा भाड्याने आणावे लागते, चार्ज करावे लागते, बिघडले की दुरुस्त करावे लागते. दिवसाला काही शेकड्यांची विक्री करणाऱ्या मावशींना हे झेपणारे नाही.

याचा धडा महाराष्ट्राला एकदा मिळालेला आहे. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे व हजाराच्या नोटा रद्द झाल्या आणि पुढच्याच महिन्यात ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यातले धसई हे राज्यातील पहिले रोकडविरहित गाव म्हणून गाजले. दुकानदारांना कार्ड घासण्याची यंत्रे मिळाली. नव्या नोटांचा पुरवठा सुरळीत झाल्यावर मात्र गावचे व्यवहार पुन्हा बहुतांशी रोखीवर आले. आमच्या मते, याचा दोष गावकऱ्यांच्या समजुतीला देता येणार नाही. खर्च आणि खटाटोप घेणाऱ्याच्या माथी मारणारी पद्धत लहान बाजारात फार काळ टिकत नाही.

कागदाचा तुकडा का जिंकला?

क्यू.आर. कोड १९९४ साली जपानमध्ये डेन्सो या मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या समूहातील मासाहिरो हारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केला. कारखान्यातील भागांवर उभ्या रेघांची पट्टी असे, तिच्यात फार थोडी माहिती मावे. हारा यांनी आडव्या-उभ्या दोन्ही दिशांना माहिती मांडली. तीन कोपऱ्यांत तीन मोठे चौकोन असतात. त्यांच्यावरून कॅमेऱ्याला कागद कसा धरला आहे ते समजते. माहितीसोबत दुरुस्तीसाठी जास्तीची अक्षरेही गणिताने गुंफलेली असतात. सर्वांत वरच्या पातळीची दुरुस्ती वापरली तर कोडचा सुमारे तीस टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. बाजारातल्या चिखलाच्या शिंतोड्यांना हा कागद का पुरून उरतो, ते यावरून लक्षात येईल. एकस्व असूनही कंपनीने या कोडचा वापर सर्वांना मोकळा ठेवला, ही गोष्टही महत्त्वाची.

मावशींच्या वजनकाट्याला बांधलेल्या कागदावर त्यांचा पैसे घेण्याचा पत्ता आणि नाव, एवढेच लिहिलेले असते. त्याला वीज लागत नाही. बाकी सारे, म्हणजे कॅमेरा, इंटरनेट, पडदा, पिन, गिऱ्हाईक घेऊन येते. शिवाय १ जानेवारी २०२० पासून यू.पी.आय.ने बँकखात्यातून दिलेल्या पैशांवर व्यापाऱ्याकडून शुल्क घेतले जात नाही. म्हणून भारतात कागदाने यंत्रावर मात केली. एप्रिल २०१६ मध्ये सुरुवात झालेल्या यू.पी.आय.ने ऑगस्ट २०२५ या एकाच महिन्यात २,००० कोटींहून अधिक व्यवहार पार पाडले. जगात इतरत्र ज्याला हेवा वाटावा असे हे काम आहे, आणि ते आपल्या अभियंत्यांनी उभे केले आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

लहान विक्रेत्याला याचा लाभ झाला आहे. सुट्ट्या पैशांची कटकट गेली. एस.टी.च्या वाहकांकडे यू.पी.आय. स्वीकारणारी तिकीटयंत्रे आल्यापासून 'सुटे द्या' हा जुना वाद बराच निवळला. फाटकी किंवा खोटी नोट पदरात पडण्याची भीती राहिली नाही. जमा झालेला पैसा स्वतःच्या नावच्या खात्यात जातो, ही घरातल्या बाईच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे. उलाढालीची नोंद राहते, ती पुढे कर्ज मागताना दाखवता येते. (करोनाच्या काळात नोटांवरून रोग पसरेल म्हणून हे व्यवहार वाढले, पुढे असे लक्षात आले की त्या रोगाचा प्रसार मुख्यतः हवेतून होतो आणि वस्तूंच्या पृष्ठभागांचा वाटा त्यामानाने गौण आहे. तेव्हा स्वच्छतेचा मुद्दा फार ताणू नये. दिवसभर हाताळलेला मोबाईलही काही निर्जंतुक नसतो.)

पण हा कागद मुका आहे. एन.एफ.सी.त दोन उपकरणे एकमेकांशी बोलतात. इथे फक्त गिऱ्हाइकाचा फोन वाचतो. कागदाला कोणी आपल्याला वाचले हे कळत नाही, पैसे आले की नाही हेही कळत नाही. शिवाय तो माणसाच्या डोळ्यांना वाचता येत नाही. रात्री कोणी त्यावर दुसराच कोड चिकटवून गेला तर सकाळी मावशींना तो ओळखू येणार नाही. येथवर आपण भुर्दंडाच्या प्रश्नाजवळ पोचतो.

दोन टेकड्यांवरचे दोन सरदार

आम्ही मावशींपासून हाताच्या अंतरावर उभे होतो, पण आमचे पैसे केवढा प्रवास करत होते ते पाहा. आमच्या फोनमधील ॲपकडून मागणी निघाली ती त्या ॲपमागच्या बँकेकडे. तिथून नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या, म्हणजे एन.पी.सी.आय.च्या, मध्यवर्ती केंद्राकडे. केंद्राने मावशींचा पत्ता कोणत्या खात्याचा ते शोधले, आमच्या बँकेला पैसे वजा करायला सांगितले, मावशींच्या बँकेला जमा करायला सांगितले, आणि दोन्हीकडे निकाल कळवला. स्पर्श एकही झाला नाही, पण मध्ये संदेशांची अशी साखळी होती. आमच्या प्रसंगात वजा करण्याचे काम झाले आणि पुढचा एखादा दुवा निसटला.

'मग यंत्रणा नीट करा म्हणजे झाले' असे कोणी म्हणेल. नीट तर ती केलीच पाहिजे. पण या अडचणीचा एक भाग कितीही कुशल अभियंत्याला पूर्णपणे पुसून टाकता येत नाही. संगणकशास्त्रात १९७५ साली मांडलेले एक कोडे आहे. दोन टेकड्यांवर एकाच पक्षाचे दोन सरदार आहेत, मध्ये दरीत शत्रू. दोघांनी एकाच वेळी हल्ला केला तरच विजय. निरोप दरीतून जासूद पाठवूनच द्यायचा, आणि जासूद पकडला जाऊ शकतो. पहिला सरदार कळवतो, 'पहाटे हल्ला.' पण निरोप पोचला का, हे त्याला माहीत नाही. दुसरा पोच पाठवतो. आता आपली पोच पोचली का, हे दुसऱ्याला माहीत नाही. पोचेची पोच, तिचीही पोच, असे कितीही जासूद पाठवले तरी दोघांची खात्री होत नाही.

याची सिद्धता विद्यार्थ्यांना सहज समजेल अशी आहे. समजा, खात्रीसाठी कमीतकमी अमुक इतके निरोप पुरतात. त्यांतला शेवटचा निरोप हरवू शकतो, आणि तो हरवला तरी योजना यशस्वी झाली पाहिजे. म्हणजे शेवटचा निरोप अनावश्यक होता. मग एक कमी निरोप पुरला असता. पण आपण तर कमीतकमी संख्या घेतली होती! हा विरोध आला, म्हणून अशी कोणतीच संख्या नाही.

दोन बँका म्हणजे हेच दोन सरदार. व्यवहारात खोळंबलेले पैसे काही काळाने मिळवणी करून मार्गी लावता येतात, आणि तसे केलेही जाते. पण मावशींच्या पाटीसमोर, त्या क्षणी, दोन्ही बाजूंना शंभर टक्के खात्री देईल अशी रचना बेभरवशाच्या जाळ्यावर शक्यच नाही. यंत्रणा आखणाऱ्याला म्हणून एक निवड करावी लागते : शंका निर्माण झाली तर तिचा भार कोणावर टाकायचा? ही निवड विज्ञान करत नाही. ती माणसे करतात.

आपल्याकडे कोणती निवड झाली आहे? रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये नियम घालून दिला. यू.पी.आय.ने व्यक्तीला पैसे पाठवताना खात्यातून वजा झाले आणि समोरच्याला मिळाले नाहीत, तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत आले पाहिजेत. व्यापाऱ्याकडे पैसे मिळाल्याची खात्री पोचली नसेल तर पाच दिवसांत. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. नियम चांगला आहे. आमचे चाळीस रुपये अशाच व्यवस्थेमुळे परत आले. पण त्यात एक गृहीत दडले आहे : खात्री न मिळाल्यामुळे व्यापाऱ्याने माल दिलेलाच नाही. मोठ्या दुकानात हे खरे ठरते, कारण तिथे पावती निघाल्याशिवाय पिशवी हातात पडत नाही. भाजीच्या पाटीवर जुडी आधी पिशवीत जाते आणि फोन नंतर निघतो. तिथे पैसे परत जाणे म्हणजे विक्रेत्याचे नुकसान, आणि त्याची भरपाई या नियमात नाही. उलट कधी अडकलेले पैसे उशिरा जमाही होतात. तेव्हा रोख देऊन बसलेल्या गिऱ्हाइकाने दोनदा दिलेले असतात. एकंदरीत नियमाने खात्यांचा हिशेब सांभाळला आहे, पाटीवरचा नाही.

यातूनच बोलणारी पेटी आली. 'चाळीस रुपये प्राप्त झाले' असे मराठीत सांगणारी ही पेटी गिऱ्हाइकाच्या पडद्यावर विसंबत नाही; ती आपल्या स्वतःच्या सिमकार्डावरून घेणाऱ्याच्या बाजूचा निरोप ऐकते. खोटा पडदा दाखवून फसवणाऱ्यांवर हा चांगला उपाय आहे. कागद मुका होता, त्याला वाचा मिळाली. परंतु पेटीला बहुधा महिन्याचे भाडे असते. म्हणजे खात्रीची किंमत पुन्हा घेणाऱ्याच्याच पदरी आली.

जाळे तुटते तेव्हा

आतापर्यंत आपण एका व्यवहाराचा विचार केला. सारे जाळेच तुटले तर? १२ एप्रिल २०२५ रोजी देशभर यू.पी.आय. काही तास कोलमडले. एन.पी.सी.आय.ने शोधलेले कारण उद्बोधक आहे : काही बँकांकडून 'या व्यवहाराचे काय झाले?' अशा चौकशांचा पूर आला, त्यांत जुन्या व्यवहारांच्याही चौकशा वारंवार होत्या. त्या ओझ्याखाली केंद्र दबले. दरीतून पोचेची पोच मागणारे इतके जासूद धावले की वाटच बंद पडली! १ ऑगस्ट २०२५ पासून अशा चौकशांवर मर्यादा घातल्या आहेत. पण प्रसंगाने एक गोष्ट दाखवली. नोटांचा व्यवहार एखाद्या ठिकाणी अडला तर तिथेच अडतो. एका केंद्रावर उभा असलेला व्यवहार सगळीकडे एकदम अडतो. यू.पी.आय.चे बहुतांश व्यवहार दोनच ॲपमधून होतात. एका ॲपचा वाटा ३० टक्क्यांहून अधिक नसावा असे २०२० साली ठरले, पण त्याच्या अंमलबजावणीची मुदत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत पुढे ढकलली गेली. अंडी दोनच टोपल्यांत ठेवलेली आहेत.

जाळे दुसऱ्या कारणानेही तुटते. आंदोलनांच्या काळात, फेब्रुवारी २०२४ मध्ये, शेजारच्या जालना जिल्ह्यासह मराठवाड्यातील तीन जिल्ह्यांत काही तास इंटरनेट बंद ठेवले गेले. त्यामागच्या कारणांची चर्चा इथे करायची नाही. पण ज्याच्या खिशात फक्त फोन आहे त्याला त्या दिवशी दूध कसे मिळावे, हा प्रश्न तंत्रज्ञानाच्या परीक्षेतला आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या दुर्गम वस्त्यांवर रेंज जाणे-येणे हा तर कोणत्याही दिवशीचा अनुभव.

यावर उपाय निघाले आहेत. साध्या फोनवरून पैसे देण्यासाठी ८ मार्च २०२२ रोजी यू.पी.आय. १२३पे सुरू झाले. सप्टेंबर २०२३ मध्ये यू.पी.आय. लाइट एक्स आले, त्यात एन.एफ.सी. असलेले दोन फोन एकमेकांना टेकवून इंटरनेटशिवाय पैसे देता येतात. अशा व्यवहारांवर रकमेच्या लहान मर्यादा का असतात, हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे. फोनमधला पैसा म्हणजे आकडे. आकड्यांची नक्कल करता येते. बँकेला विचारले तर 'हा पैसा आधीच खर्च झाला' असे ती सांगू शकते. जाळे नसताना विचारणार कोणाला? मग सारा भरवसा फोनमधल्या सुरक्षित चिपवर ठेवावा लागतो, आणि तो तुटला तर नुकसान थोडके व्हावे म्हणून मर्यादा घालावी लागते. शिवाय एन.एफ.सी. असलेला फोन बहुतेक महागातलाच असतो. म्हणजे जिथे जाळे दुबळे, तिथल्या माणसाच्या हाती हा उपाय असण्याची शक्यताही कमी.

बुलडाणा जिल्ह्यापुरती आणखी एक गोष्ट. इथे पतसंस्थांची परंपरा मोठी आहे. १९८६ साली सुरू झालेली बुलडाणा अर्बन तर सहकारी पतसंस्थांत देशात नावाजलेली. पण पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, आणि यू.पी.आय.च्या जाळ्यात तिला बँकेसारखे थेट स्थान नाही. ज्या संस्थेवर तीन-तीन पिढ्यांचा विश्वास आहे तिच्यातला पैसा त्या काळ्यापांढऱ्या कागदापर्यंत आणायला मध्ये एखादी बँक लागतेच. नव्या तंत्राने नवे रस्ते बांधले, पण ते जुन्या वस्त्यांच्या दारातून गेलेच असे नाही.

शेवटी नोंदींचा मुद्दा. नोट कोणाकडून कोणाकडे गेली हे तिला आठवत नाही. मोबाईलचा प्रत्येक व्यवहार कुठे तरी लिहिलेला राहतो. कर्ज मिळवून देणारी नोंद तीच, आणि आपण काय खातो, कोणत्या दवाखान्यात जातो याचा माग देणारी नोंदही तीच. २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, हे योग्यच. पण नोंदीचा गुण सांगताना तिची ही दुसरी बाजू लपवू नये.

आमचे मत आणि वर्गातले काम

सारे तोलून पाहता आम्ही या पद्धतीच्या बाजूचे आहोत, आणि यापुढेही फोनने पैसे देऊ. परंतु 'रोकड मागासलेली, मोबाईल पुढारलेला' ही मांडणी आम्हाला मान्य नाही. नोट ही फार जुनी, पण विलक्षण गुणाची रचना आहे : ती हातात पडताच व्यवहार संपतो, दोघांनाही एकाच क्षणी खात्री पटते, आणि त्यासाठी तिसऱ्या कोणाला विचारावे लागत नाही. दोन सरदारांचे कोडे नोटेला लागूच होत नाही, कारण दोघे एकाच टेकडीवर उभे असतात. स्पर्शाने मिळणारी ही खात्री बिनस्पर्श पद्धतीला अजून पूर्णपणे देता आलेली नाही. तोपर्यंत रोकड घेण्या-देण्याची सोय राखणे हे शहाणपणाचेच आहे. आणि लहान विक्रेत्याला पैसे मिळाल्याची खात्री विनामूल्य मिळाली पाहिजे, तसेच यंत्रणेच्या चुकीने गेलेल्या मालाची लहान रकमांपुरती भरपाई त्यालाही मिळाली पाहिजे, अशी मागणी करायला हरकत नाही.

शिक्षकांनी वर्गात चार गोष्टी करून पाहाव्यात. एक : एन.एफ.सी. असलेला फोन आणि निरुपयोगी झालेले बिनस्पर्श कार्ड घेऊन मध्ये वही, पुठ्ठा, हात, ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा ठेवावा. कोणत्या अंतरावर व कशाआडून संपर्क तुटतो ते मोजावे. दोन : 'आमची शाळा' एवढाच मजकूर असलेला क्यू.आर. कोड छापून तो थोडा थोडा झाकत जावा, कितव्या भागाला वाचन थांबते ते नोंदवावे. पैशाचा कोड मात्र यासाठी घेऊ नये. तीन : व्हरांड्याच्या दोन टोकांना दोन सरदार बसवून चिठ्ठ्यांचा खेळ खेळावा, मधल्या जासुदांच्या काही चिठ्ठ्या शिक्षकांनी गुपचूप काढून घ्याव्यात. चार : मोठ्या मुलांनी बाजारात दहा विक्रेत्यांना तीन प्रश्न विचारावेत. पैसे अडकले तर काय करता? पेटीचे भाडे किती? नेट बंद असेल तर उधार देता का? सोबत प्रत्येकाला हेही सांगावे की पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही; तो फक्त देण्यासाठी असतो. एवढे एक वाक्य पुष्कळांची फसवणूक टाळील.

पुढच्या बाजाराच्या दिवशी आम्ही त्याच मावशींकडे गेलो. या वेळी आधी फोनने पैसे दिले, त्यांच्या फोनवर संदेश येईपर्यंत थांबलो, आणि मगच जुडी उचलली. मागच्या गिऱ्हाइकाला अर्धा मिनिट थांबावे लागले. मावशी हसून म्हणाल्या, "असं सगळेच थांबत नाही ना!" यंत्रणेत जी खात्री राहून गेली आहे ती तूर्त गिऱ्हाइकाच्या सभ्यतेतून भरून काढावी लागते. विद्यार्थ्यांनी बाजारातून आणलेल्या उत्तरांत काही वेगळे आढळले तर शिक्षकांनी ते अवश्य लिहून कळवावे.